लिटरमागे बारा

लोक त्यांना मायलेज मास्तर म्हणत आणि ते त्यांना मुळीच आवडत नसे. पण एकदा बायकोनेच फोनवर कुणाला तरी "मास्तर आंघोळीला गेलेत" असं सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांनी तक्रार करायचा नाद सोडला.

त्यांचं काम साधं होतं. ज्यांच्याकडे दहा-वीस गाड्या असत अशी ऑफिसं त्यांना बोलावत. ते चालकाच्या शेजारी बसत, मांडीवर वही ठेवत आणि रस्त्यापेक्षा चालकाच्या उजव्या पायाकडे जास्त बघत. पेट्रोल टाकीतून क्वचितच गळतं, तळपायातून गळतं, असं ते सांगत. ऐकणारे हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सिग्नल सुटला की गाडी उधळल्यासारखी सोडत.

ह्या वेळचं ऑफिस घरपोच शुश्रूषेचं होतं. चौदा नर्स, चौदा लहान गाड्या, सगळ्या एकाच वर्षी घेतलेल्या. कंपनीच्या माहितीपत्रकात लिटरला चोवीस किलोमीटर छापलेले होते. ते चोवीस मास्तरांनी कधीच मनावर घेतले नव्हते. तो आकडा रोलरवर चाकं फिरवून काढतात; तिथे चढ नसतो, शाळा सुटत नाही, मधेच कुणाचं कुत्रं धावत नाही. खऱ्या रस्त्यावर तेरा गाड्या सतरा ते एकोणीस देत होत्या, म्हणजे ठीकच होतं. चौदावी मात्र बारावर अडून बसली होती.

व्यवस्थापक बाईंनी ती गाडी दोनदा गॅरेजला पाठवून पाहिली होती. गळती नाही, प्लग ठीक, मीटर ठीक. मग उरल्या दोनच शंका. एकतर गाडी खासगी कामाला फिरते, नाहीतर पाय जड आहे. महिनाभरात फरक पडला नाही, तर त्या नर्सला फेरीवरून काढून ऑफिसात फोनवर बसवायचं, असं वरून आलं होतं. हे सांगताना बाईंचा चेहरा काही खूश नव्हता.

त्या नर्सला ऑफिसातले सगळे वादळ म्हणत. चाळिशीची, सडपातळ, बोलायला कमी. मास्तर शेजारी बसले तेव्हा तिने फक्त विचारलं, "पट्टा लावलात ना?" आणि गाडी अशी सुटली की मास्तरांची वही पायाशी जाऊन पडली.

पहिल्या दिवशी त्यांनी पानभर नोंदी केल्या. समोर लाल दिवा दिसत असतानाही ती शेवटच्या क्षणापर्यंत पाय दाबून ठेवी आणि मग कचकन ब्रेक मारी. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचं असलं तरी दुसऱ्याच गिअरमध्ये इंजिन किंचाळवी. प्रत्येक घरातून बाहेर आली की गाडी चालू करून, एसी लावून, चार-पाच मिनिटं बसल्या जागी रुग्णाच्या नोंदी लिही. एसी कशाला, असं मास्तरांनी विचारलं, तर इन्सुलिनचा डबा तापू नये म्हणून. डिकी उघडली तर आत दोन वॉकर, एक घडीची खुर्ची, पाण्याचे दोन कॅन आणि कुण्या आजोबांनी परत केलेली चाकाची खुर्ची. टायरमधली हवा सांगायची सोय नव्हती. मास्तरांना वाटलं, हे तर सोपं निघालं.

एकच गोष्ट हिशेबात बसेना. फेरीत नऊ घरं. प्रत्येक घराला वीस मिनिटं ठरलेली. आठ घरांत ती घड्याळ लावल्यासारखी वीस मिनिटांत बाहेर आली. तिसऱ्या घरात मात्र एकतीस. तिथे काय झालं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती "पट्टी बदलायला वेळ लागतो" म्हणाली आणि पुढच्या वळणावर चाकं कुईं करून ओरडली.

दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या घराची लिफ्ट बंद होती. पट्ट्यांचा खोका, औषधांची पेटी, शिवाय जिना तीन मजल्यांचा. मास्तरांनी खोका उचलला आणि तिच्या मागोमाग वर चढले. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. खिडकीशी शिवणयंत्र अजून होतं, पण बाईंची बोटं संधिवाताने वाकडी होऊन गेली होती. मास्तरांनी खोका ठेवला आणि बाहेर जिन्यात थांबले. दार अर्धवट उघडं राहिलं होतं.

वीस मिनिटांत पायाची जखम धुवून झाली, पट्टी झाली, इंजेक्शन झालं. मग वादळाने हात धुतले, आजींच्या मागे स्टूल ओढून बसली आणि त्यांचे केस सोडले. पांढरेशुभ्र, कमरेपर्यंत लांब केस. ती टोकाकडून विंचरत वर वर येत होती, गुंता लागला की मुळाशी हात धरून, दुखू नये असं. आजी डोळे मिटून बसल्या होत्या आणि कुण्या गिऱ्हाइकाच्या बाहीची जुनी गंमत सांगत होत्या. रस्त्यावर क्षणभर दम न धरणारी ही बाई इथे जगात दुसरं कामच नसल्यासारखी बसली होती. मास्तर पाय न वाजवता खाली उतरले.

ती गाडीत आल्यावर त्यांनी सरळच विचारलं. तिनेही मग लपवलं नाही. आजींना कुणी नाही, भाची रविवारी येते. हात वर जात नाहीत. मधे एका नर्सने सुचवलं होतं की केस कापून टाका, सुटसुटीत होईल. आजी नुसत्या बघत राहिल्या होत्या. तेव्हापासून हे सुरू होतं. कामाच्या यादीत केस विंचरणं नाही, त्यामुळे तो वेळ कुठून तरी आणायचा होता. इतर रुग्णांच्या वीस मिनिटांना तिला हात लावायचा नव्हता. म्हणून तो ती रस्त्यावरून आणत होती.

मास्तरांनी डोकं खाजवलं. असे चालक त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते, ज्यांना वाटतं की गाडी पळवली की वेळ वाचतो. उद्या मी चालवतो, ते म्हणाले, तू शेजारी बस आणि घड्याळ धर.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस वर्षांचं सगळं कसब पणाला लावलं. गाडी हलकेच उचलायची. लवकर वरच्या गिअरला न्यायची. दूरवर लाल दिवा दिसला की पाय काढून घ्यायचा आणि गाडीला तिच्या मनाने वाहू द्यायचं, म्हणजे पोचेपर्यंत बरेचदा दिवा हिरवाच होतो. ज्या काळ्या गाडीने त्यांना भर्रकन मागे टाकलं होतं, तीच पुढच्या सिग्नलला त्यांच्या शेजारी उभी होती. मास्तरांनी तिकडे नुसता अंगठा दाखवला. फेरी संपली तेव्हा पेट्रोल सव्वादोन लिटरच लागलं होतं, आदल्या दिवशी तीनला थोडं कमी.

"आणि वेळ?" त्यांनी विजयी आवाजात विचारलं.

"पाच मिनिटं जास्त."

"बघ. एवढा आटापिटा करून सकाळभरात फक्त पाच मिनिटं. पाच मिनिटांत काय होतं?"

तिने घड्याळ मांडीवर ठेवलं. रागावली नव्हती. मग अगदी सावकाश म्हणाली, "मास्तर, पाच मिनिटं म्हणजे अर्धी वेणी."

हा प्रश्न त्यांनी आजवर ट्रकवाल्यांना, विक्रेत्यांना, साहेब लोकांना, सगळ्यांना विचारला होता. कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी वही मिटली.

संध्याकाळी घरी आल्यावर ते जेवणाच्या टेबलाशी नकाशा पसरून बसले. बायकोने चहा आणून ठेवला, तो गार झाला, तरी ह्यांचं लक्ष नाही. शेवटी तिने खुर्ची ओढली. ती शाळेत शिक्षिका होती आणि सबंध शाळेचं वेळापत्रक तीस वर्षं एकटीने करत आली होती. खेळाच्या तासाला मैदान एक आणि वर्ग चार, असले तिढे तिने चहा पिता पिता सोडवलेले.

"अहो, ह्या घरांचा क्रम ठरवला कुणी?" तिने विचारलं.

मास्तरांना माहीत नव्हतं. कुणीच ठरवला नव्हता. जसजसे रुग्ण वाढले तसतशी नावं खाली जोडली गेली होती.

मग ती नवऱ्याला फैलावर घेतल्यासारखी प्रश्न विचारू लागली. कुणाला खाण्याआधी इंजेक्शन हवं? कुणाचं दार उघडायला वेळ लागतो? वाटेतल्या शाळेचं फाटक किती वाजता उघडतं? मास्तर वहीत बघून उत्तरं देत गेले. सगळ्यात लांबचं घर आधी, असं तिने घातलं, आणि मास्तरांनी मांडीवर थाप मारली, कारण थंड इंजिनने गल्ल्यागल्ल्यांतून छोटे टप्पे मारले की गाडी पेट्रोल ढोसते. लांबची फेरी आधी झाली की ती तापलेली असते. शाळेसमोरचा रस्ता टाळला. तीन वेळा रस्ता ओलांडून वळावं लागत होतं, तिथे एकदाच आलं. बायकोने पेन खाली ठेवलं तेव्हा सतरा मिनिटं हातात आली होती.

"आणि तुमच्या त्या आजींना शेवटी ठेवलंय," ती म्हणाली. "त्यांच्यानंतर कुणी वाट बघत नको. केस विंचरताना घड्याळाकडे बघू नये."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. आजींच्या केसांबद्दल त्यांनी तिला ओझरतंच सांगितलं होतं. मग त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला आणि छान झालाय म्हणून सांगितलं.

वेळा बदलायच्या तर रुग्णांना विचारायला हवं होतं. ते वादळाने केलं. आठजण तयार झाले. नववे, एक निवृत्त टपालबाबू, अडून बसले, की त्यांची वेळ म्हणजे त्यांची वेळ; त्यांना तसंच ठेवलं, त्यात चार मिनिटं गेली. डिकी रिकामी झाली. टायरमध्ये हवा भरली. इन्सुलिनसाठी बर्फाच्या पिशव्यांचा डबा आला आणि नोंदी रुग्णाच्या खुर्चीशी बसूनच लिहायच्या असं ठरलं. रुग्णांना ते आवडलं, कारण आता ती काय लिहिते ते त्यांना डोकावून बघता येत होतं.

पाय सुधारायला मात्र दोन आठवडे लागले. सवय ती सवय. कधी विसरून ती गाडी उधळायची आणि मास्तर छतालगतची मूठ धरायचे. मग ती ओशाळून पाय काढायची. पण आता घाईला कारण उरलं नव्हतं. एके दिवशी आजींनीच तिचा हात धरून म्हटलं, "पोरी, हल्ली तुझे हात थरथरत नाहीत गं." आपले हात थरथरतात हे तिला माहीतच नव्हतं. हे तिने मास्तरांना खाली आल्यावर सांगितलं.

महिन्याच्या शेवटी आकडा सतरावर पोचला. एकोणीस नाही, पण टपालबाबूंच्या घराला चढ होता आणि तो कुणाला काढता येण्यासारखा नव्हता. मास्तर अहवाल घेऊन व्यवस्थापक बाईंकडे गेले. त्यात कारणं लिहिली होती: थंड इंजिन, लहान टप्पे, उभी गाडी, ओझं, हवा, पाय. खाली एक ओळ होती, की नवव्या घराला वीसऐवजी तीस मिनिटं द्यावीत.

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"केस विंचरायला."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मास्तरांना वाटलं, आता आपण सगळं नासवलं. गप्प बसलो असतो तर त्या दोघींचं चाललं होतं ते चाललं असतं.

"असं लिहून चालत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं, ती ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: रुग्णाची वैयक्तिक स्वच्छता, दहा मिनिटं. मग सही केली. "माझ्या आईचे शेवटी कापले होते आम्ही," त्या कागद परत देत म्हणाल्या, आणि लगेच दुसऱ्या फाइलकडे वळल्या.

तीन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे मास्तर पुन्हा एकदा तपासणीला गेले. सकाळ निवांत होती. वादळ गाडी चालवत होती आणि आजींनी भाचीला शिवणयंत्र शिकवायला घेतलंय, भाचीला काही ते जमत नाही, असं काहीबाही सांगत होती. दूर लाल दिवा दिसला. तिने पाय काढला. गाडी आवाज न करता पुढे वाहत राहिली, दिवा हिरवा झाला आणि त्यांना थांबावंच लागलं नाही. मास्तरांनी वहीत टिपण्यासाठी पेन काढलं.

जाग आली तेव्हा गाडी एका झाडाच्या सावलीत उभी होती. इंजिन बंद. खिडकी चार बोटं खाली केलेली. त्यांचा चष्मा घडी घालून समोर ठेवलेला आणि वही मांडीवरून घसरू नये म्हणून पट्ट्याखाली सरकवलेली. पान कोरंच होतं. वर तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडी होती आणि आतून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मास्तरांनी चष्मा लावला, घड्याळ पाहिलं, आणि ती खाली यायला अजून बराच अवकाश आहे असं ताडून पुन्हा डोळे मिटून घेतले.