पार्किन निधीतली ऊब

नबीला सालेहने सही केली नाही आणि एकशे चौदा वर्षांची धूर-निरीक्षक संस्था बंद पडली. असो. तसं काही झालेलंच नाही असं धरून आपण त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता संस्थेच्या सभागृहात जाऊ. तेव्हा ऑड्री डंगवर्थ चहाचा सातवा विजेचा बंब सुरू करत होती.

हिशेब तपासायला आलेली नबीला कोट न काढताच बसली होती. संस्था पुढचे बारा महिने चालेल की नाही, हे तिला आज लिहून द्यायचं होतं. समोर खजिनदार प्रोफेसर स्टॅनिफर्थ, वय एक्क्याऐंशी, गुडघ्यांवर कांबळं.

"सात बंब?" नबीलाने विचारलं. "काल व्याख्यानाला माणसं किती होती?"

"दोन," ऑड्री म्हणाली. "मला धरून."

"म्हणजे माणशी साडेतीन."

"प्रोफेसर चहा फार पितात."

प्रोफेसरांनी मान डोलावली. डॉक्टरांनी त्यांचा चहा बंद करून दोन वर्षं झाली होती.

भानगड अशी होती. शेफील्डच्या भट्ट्यांचा धूर मोजणाऱ्या शास्त्रज्ञांची ही धर्मादाय संस्था. त्यांनी काम इतकं चोख केलं की धूर गेला, आणि धुरापाठोपाठ सभासद. शहरात कोळसा जाळायला बंदी आली ती यांनीच रेटल्यामुळे, त्यामुळे सभागृहातली संगमरवरी शेकोटी पेटवायचीही सोय उरली नव्हती. इमारत तापवणारा बॉयलर नोव्हेंबरात वारला. चालू खात्यात एकोणीसशे पौंड होते. हर्बर्ट क्रुक्स निधीत मात्र चार लाख बारा हजार.

पण क्रुक्ससाहेबांनी १९३४ साली देणगी देताना लिहून ठेवलं होतं की हा पैसा व्याख्यानानंतरचा चहा आणि पार्किन, म्हणजे आलं आणि काकवी घातलेला केक, यांवरच खर्च व्हावा. अट बदलायची तर देणगीदाराच्या लेखी संमतीने. क्रुक्ससाहेब १९५१ साली गेले.

चहाला बंब लागतो आणि बंबाने खोली तापते, हे डिसेंबर लागायच्या आत ऑड्रीच्या लक्षात आलं. अडचण एकच होती. चहाच्या आधी व्याख्यान हवं.

"नोव्हेंबरपासून छप्पन्न व्याख्यानं," नबीला नोंदवहीवरून बोट फिरवत म्हणाली. "वक्त्या छप्पन्न वेळा ऑ. डंगवर्थ. तुम्ही शास्त्रज्ञ आहात?"

"सभासद विभागात कारकून. चौतीस वर्षं."

"मग हे नाटक झालं, बाई. नाटकाची वीज चहाच्या निधीतून गेली असेल तर तो सगळा पैसा परत भरावा लागेल. तुम्हाला आणि प्रोफेसरांना, स्वतःच्या खिशातून."

प्रोफेसरांनी कांबळं वर ओढलं. पाचवा बंब खदखदू लागला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"आज आहे व्याख्यान?"

"साडेनऊला. रोजच असतं."

"होऊ द्या," नबीला म्हणाली आणि तिने पेन उघडून ठेवलं.

साडेनऊला प्रोफेसर उठले. "सभ्य स्त्री-पुरुषहो," ते नबीलाला म्हणाले, "आजच्या वक्त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही." मग त्यांनी चार मिनिटं ओळख करून दिली.

ऑड्रीने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला.

"आम्ही भट्ट्यांना लागून, अॅटरक्लिफला राहायचो. आई सोमवारी कपडे धुवायची. चादरींशेजारी एक पांढरा रुमाल मुद्दाम वाळत घालायची, तासाभराने काढायची आणि घडी घालून तारखेची चिठ्ठी टाचायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. भट्टीवाल्यांशी भांडताना दाखवायला, म्हणायची. अकरा वर्षं."

तिने एकेक रुमाल टेबलावर मांडला. अठ्ठावन्नचा काळाकुट्ट होता. बासष्टचा राखेसारखा. "हा बासष्टचा मी जन्मले त्या सोमवारचा. त्या दिवशीही आईने चुकवला नाही." मांडता मांडता टेबल संपलं, तेव्हा नबीला उठली आणि तिने दुसरं टेबल ओढून दिलं. कोट तिने कधी काढला ते तिचं तिलाही कळलं नाही.

"हा शेवटचा. एकोणसत्तर. याच्यावर काही नाही." ऑड्रीने तो पांढरा रुमाल सरळ केला. "या रुमालासाठी इथली माणसं साठ वर्षं छपरांवर उभी राहून धूर मोजत होती. त्यांना हा डबा दाखवावा म्हणून मी इथे आले. त्या दिवशी सभासद विभागात जागा रिकामी होती."

ती खाली बसली. प्रोफेसरांनी सत्तावन्नाव्यांदा टाळ्या वाजवल्या.

"हे छापलंय कुठे?" नबीलाने विचारलं.

"सभासद नसलेल्यांचं छापत नाहीत."

नबीलाने बासष्टच्या रुमालावरची तारखेची चिठ्ठी वाचली. "व्याख्यान खरं आहे," ती म्हणाली. "बाकीची छप्पन्नही खरी धरते. परत काही भरायचं नाही." प्रोफेसरांनी कांबळं खाली सोडलं. "आता एकच. तुमचा पगार कुठून जातो?"

ऑड्री पार्किन कापत होती. "सप्टेंबरपासून गेलाच नाही."

"का?"

"पगार चहात मोडत नाही, पोरी."

नबीलाने पेनाला टोपण लावलं. "मग थकलेला पगारच चालू खात्याहून मोठा. पुढचे बारा महिने चालेल असं मला लिहिता येणार नाही. देणगीदाराची लेखी संमती असती तर..."

"पत्ता आहे माझ्याकडे," ऑड्री म्हणाली. "सभासदांचे पत्ते मीच ठेवते. तू पार्किन घे."

दुपारी ऑड्रीने बंब एकेक करून बंद केले आणि खोली गार व्हायच्या आत टाइप करून घेतलं:

प्रति,
श्री. हर्बर्ट क्रुक्स, आजीव सभासद,
विभाग क, ओळ ११, महापालिका दफनभूमी, शेफील्ड.

महोदय,
आपल्या देणगीतील 'चहा व पार्किन' या शब्दांपुढे 'आणि ते देणारी व्यक्ती' एवढे शब्द वाढवण्यास आपली संमती असल्यास, सोबतच्या नमुन्यावर दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तो तीस दिवसांच्या आत परत पाठवावा. परतीचे तिकीट जोडले आहे. उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाणार नाही. कार्यालय उद्यापासून थंड राहणार असल्याने समक्ष यायचे झाल्यास गरम कपडे घालून यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
ऑ. डंगवर्थ,
व्याख्याती