माझा ठोका सुरू होतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी वेळपेटी आहे. वडनेर भोलजीच्या एका घरात, खिडकीत बसून मी आकाशातल्या उपग्रहांकडून अचूक वेळ ऐकते आणि दर सेकंदाला तारेतून संगणकाला एक बारीकसा ठोका देते. मला तेवढेच येते, पण ते मी फार मन लावून करते हो!

तरुणपणी मी बुलढाण्याच्या घाटावर एका मोबाइल टॉवरपाशी होते. खाली ढग तरंगायचे, वर उपग्रह फिरायचे आणि मधे मी आपल्याच गुंगीत ठोके देत असायची. मग नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून प्रतीक्षाने मला घरी आणले.

प्रतीक्षा कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी शेजारची भिमाबाई शेतात वीज पडून गेली, तेव्हापासून या पोरीच्या जिवाला चैन नव्हते. तिने मैत्रिणींना घेऊन चार गावांत विजेची चाहूल टिपणारी यंत्रे बसवली. कोणत्या गावाला चाहूल आधी लागली, यावरून वीज कुठे आहे ते कळते. त्यासाठी चारही घड्याळे तंतोतंत जुळावी लागतात.

आमच्याच घरच्या यंत्राचे जुळेना. आमची नोंद रोज बाद व्हायची.

"पेटीच म्हतारी झाली वाटते. नवीन आणा लागन," प्रतीक्षा म्हणाली. मला फार वाईट वाटले. माझा ठोका चुकत नव्हता, पण सांगणार कसे?

एका सकाळी स्वयंपाकघरात कुकर वाजत होता.

"आई, चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर!"

"तीनच झाल्या वं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "चौथी वाजूनच राह्यली. थांबली का मंग मोजाची!"

लेक शिट्टी सुरू होताच मोजते, आई थांबल्यावर; मायलेकींचे हे भांडण रोजचेच. त्या दिवशी मात्र प्रतीक्षा हातातला चहा तसाच ठेवून संगणकाकडे धावली.

संगणकाच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. माझा ठोका टिपणाऱ्या त्याच्या ड्रायव्हर नावाच्या मदतनिसाला सांगून ठेवावे लागते, की वेळ ठोका सुरू होताना धरायची की संपताना. माझ्याआधी इथे दुसरी पेटी होती; तिचा ठोका उलटा यायचा, म्हणजे नेमका सेकंद ठोका संपताना पडायचा, म्हणून तिथे 'संपताना' असे ठेवले होते. पेटी बदलली, तो पर्याय बदलायचा राहून गेला. प्रतीक्षाने तो बदलला आणि आमची नोंद जुळली. मला तर पुन्हा घाटावर बसल्यासारखे वाटले.

काही दिवसांनी भरदुपारी तिने शेतात वडिलांना, इंद्रभानांना, फोन लावला.

"बाबा, निंबाखालून निंगा. बायांलेही घेऊन या."

"काऊन वं? आभाळ तं उघडं हाय."

"वीज तिकडंच येऊन राह्यली. निंगा म्हन्तो ना!"

इंद्रभान कुरकुरत घरी आले. चहा होतो न होतो तोच शेताकडे कडाडले. संध्याकाळी ते पाहून आले, तर निंबाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत सोलून निघाली होती. खिडकीपाशी येऊन त्यांनी दुपट्ट्याने माझ्यावरची धूळ पुसली.

सत्यभामाबाई शिट्टी अजूनही थांबल्यावरच मोजतात. त्यांच्या वरणाचे काही बिघडत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू चुकते आहे असे वाटले, तर टाकून देण्याआधी एवढे बघा, की ती केव्हा बोलते आणि तुम्ही केव्हा ऐकता.