बाबांच्या कानांचं अपील

आमचे बाबा, आर्विड सेलिन, एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेच्या फौजेतून व्हिएतनामला गेले आणि तिथे वर्षभर तोफा डागून कान घालवून आले. पण कबूल कोण करतंय? "लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," असं ते आईला, मार्लिसला, सुनवायचे. त्यावर आई जे बोलायची ते अर्थातच त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही.

सत्तरी उलटल्यावर आईनेच मागे लागून त्यांना माजी सैनिकांच्या अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज करायला लावला. तो फेटाळला गेला. फौजेत असताना कानांची तक्रार कुठे नोंदलेली नाही, पुढे बरीच वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली, तेव्हा बहिरेपण तिथलंच असणार, असं कारण आलं.

"बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले. "पाय गेलेली पोरं पाहिलीत मी. मी कशाला हात पसरू?"

"तू नको पसरूस. अपील मी करायला लावते," आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने ओयांना गाठलं. ओया स्वतः माजी सैनिक. अशा अपिलांत ते आमच्यासारख्यांची बाजू मांडतात.

माजी सैनिकांच्या खात्याच्या डुलुथ शहरातल्या कार्यालयात सुनावणी झाली. न्यायाधीश बाई वॉशिंग्टनहून पडद्यावर बोलत होत्या. ओयांनी बाबांना आधीच बजावलं होतं, "तिथे मर्दुमकी दाखवू नका. त्रास होतो तो सांगा."

"मिस्टर सेलिन, ऐकायचा त्रास कधीपासून आहे?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

"तसा काही खास नाही," बाबा म्हणाले. ओयांनी डोळे मिटून घेतले.

मग आईने बोलायची परवानगी मागितली. तिला शपथ दिली गेली.

"फौजेत जायच्या आधी हा व्हायोलिन वाजवायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "गावातले लोक आपली व्हायोलिनं याच्याकडून सुरात लावून न्यायचे. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी नाचाला वाजवायला बसला, तर वरची तार उतरलेली. याला पत्ताच नाही. तेव्हा याने गिरणीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"नाही. साथीला मी गात होते. मीही सूर तेवढाच उतरवला. पुढे तसंच गात राहिले. लोक म्हणायला लागले, मार्लिसचा गळा गेला. म्हणू दिलं."

"काय म्हणाली ती?" बाबांनी मला विचारलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ते आईकडे वळले.

"इतकी वर्षं?"

"तू वाजवताना खूश असायचास," आई म्हणाली, या वेळी मोठ्याने.

बाबा पडद्याकडे वळले. "मॅडम, मघाचा प्रश्न परत विचारा."

मग ते बोलले. तोफेशेजारी कानांत सिगारेटची थोटकं कोंबायचे, एकदा उशीला रक्त लागलं होतं, तेव्हापासून डोक्यात शिट्टी वाजतेय ती झोपेतही थांबत नाही. यातलं अक्षरही आईला ठाऊक नव्हतं. तिने टेबलाखालून त्यांचा हात धरला.

हिवाळ्यात निकाल आमच्या बाजूने लागला. पत्नीची साक्ष विश्वासार्ह वाटते, असं त्यात होतं. भत्ता सुरू झाला, आणि आईने बाबांना कानाची यंत्रंही घ्यायला लावली. ती लावल्यावर बाबांना कळलं की आई भांडी घासताना सारखी काहीतरी पुटपुटत असते.

"कोणाशी बोलतेस?" त्यांनी विचारलं.

"तुझ्याशीच."

हल्ली ते जेवण झालं की टॉवेल घेऊन तिच्या शेजारी उभे राहतात आणि भांडी पुसतात.