वास: नाही

७:०० | भट्टी ९८० | पहिला थर ४१५ | वास: नाही

दर तासाला राउंड मारायचा, तापमानाचे आकडे कागदावर चढवायचे आणि शेवटच्या रकान्यात गळतीचा वास येतोय का ते लिहायचं. रांजणगावच्या ॲसिड प्लांटवर म्हस्कूची बावीस वर्षं यातच गेली. पिवळं गंधक वाफेच्या नळ्यांवर वितळून काकवीसारखं पातळ व्हायचं. मग भट्टीत त्याचा फवारा, निळी आग. आगीतला वायू कन्व्हर्टरमध्ये शिरायचा, म्हणजे चार मजली उंच टाकीत. तिथं खड्यांच्या चार थरांतून जाता जाता तो आणखी जहाल व्हायचा.

नवीन माणूस हमखास विचारायचा, "मामा, मग हा वायू सरळ पाण्यातच का सोडत न्हाईत? झालं की ॲसिड."

"धुकं होतंय त्याचं," म्हस्कू सांगायचा. "सगळीकडं पसरतंय आन् कुणाच्याच हाती लागत न्हाई. त्याला आधी तयार ॲसिडातच मुरवायचा. पाणी मागनं, बेतानं."

बायको, रतनबाई, गेली तेव्हा त्यानं स्वतःचंही तसंच केलं. कासुर्डीच्या घरात धुकं होऊन बसण्यापेक्षा तो प्लांटमध्ये मुरला.

८:०० | भट्टी ९९५ | पहिला थर ४१८ | वास: नाही

नाही म्हणजे, त्याला येतच नव्हता.

कोरोनात रतनबाई गेली आणि त्याच तापात म्हस्कूचं नाक गेलं. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. चार वर्षं झाली. पेटीतलं तिचं लुगडं त्यानं काढून हुंगलं होतं. नाकाला नुसतं कापड लागलं.

कुणाला सांगायची सोय नव्हती. नाक गेलेल्या माणसाला प्लांटवर कोण ठेवणार? गेटवर टँकरच्या पावत्या फाडायला बसवतील. एकटी केबिन, एकटा पंखा. इथं निदान 'मामा' अशी हाक तरी कानावर पडायची.

म्हणून त्यानं युक्ती काढली. गळती नेमकी कुठं आहे ते शोधायला प्लांटवर एक काठी असते. टोकाला चिंधी, चिंधीवर अमोनिया. गळतीपाशी नेली की पांढरा धूर उठतो. बाकीची माणसं वास आला तरच काठी घ्यायची. म्हस्कू प्रत्येक राउंडला घ्यायचा, पाइपाच्या प्रत्येक सांध्याला ओवाळायचा.

"निघाली मामांची आरती!" पोरं हसायची. पण शितल मॅडम, शिफ्टच्या साहेब, मीटिंगमध्ये सांगायच्या, "काम शिकायचं तर मामांकडून शिका."

९:०० | भट्टी १०१० | पहिला थर ४२० | वास: नाही

अमोनियाची बाटली संपली.

"उद्या येतीय," स्टोअरचा पप्पू म्हणाला. "एक दिस आरती न्हाई झाली तर देव काय कोपतोय व्हय?"

"आजच लागतीय रं. प्लांट पंधरा दिसांनी चालू झालाय, सांधं तापत्याती."

"आवो तुमचं नाक हाय की. बाटली कशाला पायजे तुमाला?"

म्हस्कू हसला. चार वर्षांत हसणं त्याला चांगलं जमलं होतं.

१०:०० | भट्टी १०२० | पहिला थर ४२२ | वास: नाही

कन्व्हर्टरच्या पहिल्या माळ्यावर हौसराव पाइपला पत्रा ठोकत होता. ठेकेदाराचा माणूस, वरवंडचा. डोळे लाल, नाक गळतंय.

"मामा, वास बिस येतोय का वो? मला सर्दीनं काय कळंना झालंय."

म्हस्कू उभा राहिला. दोन माणसं, आणि दोघांत मिळून एक नाक नाही.

'मलाबी कळत न्हाई,' एवढंच म्हणायचं होतं.

"निवांत कर," तो म्हणाला. "काय न्हाई."

"मंग झालं. तुमी म्हनला म्हंजी झालं."

११:०० | भट्टी १०३० | पहिला थर ४२४ | वास: नाही

ही ओळ त्यानं खाली कंट्रोल रूममध्ये, राउंडच्या आधीच लिहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. काठीशिवाय वर जाऊन करायचं तरी काय?

खिडकीतून कन्व्हर्टरचा पाया दिसत होता. तिथल्या उबेला प्लांटची कुत्री झोपायची. पिवळी म्हणून तिचं नाव गंधकी. लाथ मारली तरी ती जागची हलायची नाही. म्हस्कू बघत होता तोवर ती उठली. दोनदा शिंकली. तोंड वाऱ्याकडं फिरवलं आणि शेपूट पायात घालून चालू लागली.

म्हस्कूचा बाप मेंढरं राखायचा. तो म्हणायचा, मेंढरानं तोंड फिरवलं की माणसानं डोळं उघडावं.

म्हस्कूनं दोन मास्क उचलले आणि जिन्याकडं धाव घेतली. पळता पळता भोंग्याचं बटण दाबलं. माळ्यावर हौसराव गुडघ्यावर बसून खोकत होता, हातोडी तशीच हातात. त्याच्या तोंडाला मास्क लावून, बखोटीला धरून म्हस्कूनं त्याला एकेक पायरी उतरवलं आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या फवाऱ्याखाली नेऊन उभं केलं.

१२:०० | प्लांट बंद |

मोठ्या पाइपाचा एक सांधा ढिला झाला होता. हौसरावला डॉक्टरांनी तपासलं. डोळे चुरचुरत होते, घसा सोलला होता, बाकी बरा होता. बाकावर बसल्या बसल्या त्यानं सगळ्यांना ऐकवलं, "मला कायबी वास न्हाई आला. मामांना खाली बसून आला! काय नाक म्हनायचं का काय!"

"मामा," शितल मॅडम म्हणाल्या, "आज तुमच्या नाकानं माणूस वाचवला. मी वर लिहून पाठवते. रिटायर होईपर्यंत तुम्हाला प्लांटवरून कुणी हलवणार नाही."

चार वर्षं जी धास्ती होती, ती एका वाक्यात संपली. आता फक्त गप्प बसायचं होतं.

हौसराव त्याच्याकडं बघत होता. लाल डोळ्यांनी, अगदी विश्वासानं. उद्या पुन्हा वर चढेल आणि पुन्हा विचारेल.

म्हस्कूनं कागद ओढला. अकराच्या ओळीतलं 'नाही' खोडलं, मग दहाचं. पेन थांबवून त्यानं वर पाहिलं.

"मॅडम, मला वास येत न्हाई. रतनबाई गेली तवापासनं. आज गंधकीनं वळखलं, म्या न्हाई."

कुणीतरी हसलं.

"आणि हौसरावला दहाला काय सांगितलं होतंत?" खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून मॅडमनी विचारलं.

"निवांत कर म्हनलं."

हौसरावनं मान खाली घातली. एखादी शिवी तरी हासडायची, असं म्हस्कूला वाटत राहिलं.

"उद्यापासून गेटवर," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. 'मामा' मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

३:०० |

कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी राहिली. मागं कुणीतरी डबा उघडला. "आरं, बोंबील का काय!" म्हणत सगळे कालवा करायला लागले. म्हस्कू खिडकीबाहेर बघत बसला. कासुर्डी जवळ आल्यावर त्यानं लेकीला फोन लावला. अंकिताला त्यानं आजवर एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आज सगळं सांगितलं.



"आबा, मंग दिवाळीला साईला मांडीवर घेतलं, डोकं हुंगलं... दुधाचा वास येतोय म्हनला तुमी."

"बारक्या पोरांला येतोय ना. म्हनून म्हनलं."

पलीकडं तिचं पोरगं, साई, कशावर तरी चमचा बडवत होतं. बसनं वळण घेतलं. म्हस्कूनं फोन कानाशी घट्ट धरला.

"अंके, आता कसला येतोय? त्याच्या डोक्याला?"

चमचा थांबला. पोरगं किंचाळलं, तिनं उचललं असावं.

"केळ्याचा," अंकिता म्हणाली. "घामाचा बी. थांबा आबा, आजून सांगते."