रोसिलीअम्मच्चीच्या हाती माउस

तृश्शूरच्या लिनक्सवाल्यांची एक खोड आहे. आपला सजवलेला पडदा चारचौघांना दाखवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. ओणमच्या आदल्या रविवारी बाकीचं गाव अंगणात फुलं मांडत असतं, तेव्हा ही मंडळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमून आपापले संगणक भिंतीवर झळकवतात. ज्याची मांडणी सरस, त्याला केळ्यांचा घड. नियम मात्र खट्याळ आहे. यंत्र तुमचं, पण माउस सभेतल्या कुणा परक्या माणसाच्या हाती. त्याने घंटा होईपर्यंत गाणं लावायचं, आवाज कमी करायचा आणि यंत्र बंद करायचं. मालकाने ब्र काढायचा नाही.

जिन्सीला केळ्यांची हौस नव्हती. तिला टिजो हवा होता. टिजोही एका पायावर तयार होता. घोडं अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. काळ्या पडद्यावर दिवसभर पांढरी अक्षरं बडवणारी पोरगी घरात माणसांशी कधी बोलणार, असं रोसिलीअम्मच्चीचं म्हणणं होतं. आज काय तो निकाल देते म्हणाली होती. म्हणून टिजोने पायसमची खीर मिळेल अशी थाप मारून तिला इथे आणलं होतं आणि पहिल्या रांगेत बसवलं होतं.

हरिदासेट्टन, म्हणजे क्लबचे म्होरके, जिन्सीची पाळी येताच सभेवर नजर फिरवत म्हणाले, लिनक्सला कधी हात न लावलेलं कुणी आहे का? सगळ्या सभेत अशी बाई एकच होती. रोसिलीअम्मच्ची केळ्याच्या वेफर्सची बशी घेऊनच उठली.

जिन्सीने कपाळावर हात मारला. कारण तिने पडदा इतका स्वच्छ केला होता की पार लंकेची पार्वती! डॉक, म्हणजे तळाशी असते ती प्रोग्रामांच्या चित्रांची पट्टी, तिने लपवून ठेवली होती. बाण तळाला टेकला तरच ती वर येणार. आवाज, वायफाय, बॅटरीची चिन्हं असतात तो ट्रे तिने वरच्या कोपऱ्यातल्या एका ठिपक्यामागे कोंबला होता. सगळ्या क्लबाने वाहवा केली होती. परक्या माणसाने काय करायचं, हा विचार या शहाणीला आत्ता सुचत होता. भिंतीवर होतं ते फक्त एक हिरवंगार भातशेत.

"शेत छान आहे," अम्मच्ची म्हणाली. "संगणक कुठाय?"

सभा हसली. जिन्सीने ओठ दाताखाली धरले. टिजोने डोळेच मिटून घेतले, आणि त्याचा जिन्सीला भयंकर राग आला.

बशी ठेवायला जागा हवी म्हणून अम्मच्चीने माउस स्वतःकडे ओढला. त्याबरोबर बाण तळाला गेला आणि डॉक टुणकन वर आली. अम्मच्ची दचकली. मग तिने बाण त्या चित्रांवरून फिरवला, तसं एकेक चित्र फुगून पुन्हा बसू लागलं. पापड तळताना फुगावा तसं. तिने इकडून तिकडे फिरवला, तिकडून इकडे. मग ती चक्क खिदळायला लागली. आपल्या आईला असं हसताना टिजोने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. चित्रांत एक चेंडा होता, म्हणजे पूरमच्या जत्रेतला ढोल. तिने तो दाबला, आणि जिन्सीने स्वतः पूरमात उभं राहून टिपलेला मेळ, म्हणजे चेंड्यांचा एकत्र गजर, अगदी बारीक आवाजात सुरू झाला.

"आता आवाज कमी करा," हरिदासेट्टन म्हणाले.

"अजून कमी? हा काय आपला मेळ आहे? शेजारच्या गावातला वाटतोय."

तिला कोपऱ्यातला ठिपका दिसला. माशी बसून गेली असावी असं वाटून ती तो बाणाने पुसू लागली, बोट दाबलं गेलं आणि ट्रे उघडला. कर्ण्याचं चिन्ह तिने टीव्हीवर पाहिलेलं होतं. त्यावर बाण नेऊन तिने माउसचं चाक वर, वर आणि आणखी वर फिरवलं.

मग खिडक्या थरथरल्या. तृश्शूरच्या माणसाला मेळ कानावर पडल्यावर हात खाली ठेवता येत नाहीत, मग तो मांडवात असो की दातांच्या डॉक्टरकडे. पहिल्या रांगेचे हात वर गेले, मागोमाग सगळ्या सभेचे. अम्मच्ची एका हातात माउस धरून दुसरा हवेत नाचवत होती. घंटा झाली ती कुणाला ऐकू गेली नाही. हरिदासेट्टनांनी जिन्सी हरल्याचं ओरडून जाहीर केलं, तेही दोन्ही हात वर करून.

जिन्सीने धीर करून तिच्या कानाशी तोंड नेलं. "अम्मच्ची, तो आवाज कमी करायचा होता."

"मेळाचा आवाज कमी करणाऱ्या पोरीला मी घरात घेईन होय?" अम्मच्ची ओरडली. "ही फुगणारी चित्रं आमच्या घरच्या संगणकावर कोण लावणार?"

"मी लावतो की," टिजो म्हणाला.

"तू गप रे. दोन वर्षं नुसता काळा पडदा दाखवलास मला." मग ती जिन्सीकडे वळली. "मोळे, पोरी, पुढच्या रविवारी चर्च सुटलं की ये. आणि अप्पच्चनना, तुझ्या वडलांना, घेऊनच ये. बोलायचंय त्यांच्याशी."

जिन्सीचे हात तेवढे अजून खाली होते. तेही वर गेले.