विठाबाईकडची किल्ली

लातूरच्या त्या गल्लीत एकेकाळी माणसांपेक्षा गाड्यांचा रुबाब जास्त होता. शिकवणीवर्गांचं पेव फुटलं, बाहेरगावची पोरं आली, पोरांमागोमाग आईबाप आले, आणि दारात स्वतःची चारचाकी उभी असल्याशिवाय पोरगं डॉक्टर होत नाही अशी सगळ्यांची समजूत झाली. गाड्या दिवसभर ऊन खात उभ्या असायच्या. एकदा तिथल्या एका बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बसम्मांना धाप लागली, तेव्हा ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली आणि बाईंना खुर्चीत बसवून तिथवर उचलून न्यावं लागलं. त्या वाचल्या. बिल्डिंगला मात्र थोडी लाज वाटली.

ती लाज ताजी होती तोवर अनिमेषनं हात धुऊन घेतले. पुण्यातली नोकरी सोडून घरी आलेला हा इंजिनिअर एरवी बोलायला लागला की लोक पायऱ्या चढायला लागत. या वेळी थांबले. "सगळ्यांत मिळून एक गाडी ठेवू," तो म्हणाला. "हवी तेव्हा न्यायची, काम झालं की आणून लावायची. गल्ली मोकळी." आधी टिंगल झाली, मग एकेकानं गाडी विकली, आणि एक पांढरी गाडी सगळ्यांची झाली. नियम दोनच होते. टाकी निम्म्याच्या खाली ठेवायची नाही, आणि पुढच्याची सोय बघून गाडी लावायची.

महिन्याभरात भांडणं लागली. त्यांना माहेरी मिरवायला गाडी मिळते आणि आमच्या पोराची परीक्षा असून आम्ही रिक्षानं का जायचं, असली भांडणं. किल्ली ज्याच्याकडे, तो न्यायाधीश होऊन बसायचा. शेवटी किल्ली तळमजल्यावर विठाबाईच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली, आणि भांडणं बंद झाली. कारण विठाबाई कुणालाच काही विचारत नसे.

निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून टोकू नये, हे आपल्याकडे सगळे मानतात आणि सगळेच टोकतात. विठाबाई टोकत नसे. बिल्डिंगला वाटायचं, खेड्यातली साधी बाई आहे, पोराकडे राहायला आली आहे, तिला काय पडलंय. तिला काय पडलं होतं ते तिनं वैजनाथलासुद्धा, म्हणजे पोटच्या पोरालासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं.

भूकंपाच्या साली ती किल्लारीच्या बाजूच्या एका गावात नांदत होती. वैजनाथ तेव्हा आजोळी होता. गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे तिचा नवरा अण्णाराव उडदाचं पोतं घेऊन लातूरच्या अडतीवर निघाला. तो उंबऱ्याबाहेर पडला आणि तिनं झोपेतच विचारलं, "कुठं निघालाव एवढ्या अंधारात?" तो चिडला. "झालं. टोकलंस." टोकल्यावर घडीभर बसून, पाणी पिऊन निघायचं, ही रीत. त्यानं पोतं उतरवलं, वहाणा काढल्या, आत येऊन भिंतीला टेकून बसला. ती पाणी आणायला अंगणातल्या रांजणाकडे गेली. तांब्या भरून वळली, तर घर नव्हतं. दगडमातीचा ढीग होता आणि धूळ होती. सरकारनं पुढे पत्र्याची घरं दिली, मग पक्की दिली. लोक म्हणायचे, देवानं विठाबाईला वाचवलं. ते ऐकलं की ती उठून जायची. नवऱ्याला आपणच टोकून भिंतीखाली बसवलं, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर 'कुठं' हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. दारात कुणी आलं की किल्ली काढून द्यायची, पदर सावरायचा आणि आत वळायचं.

दुसऱ्या मजल्यावरचे राघवेंद्र सर फिजिक्स शिकवत. एके काळी चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता. मग बाहेरून मोठा क्लास आला, पोरं तिकडे वळली, फ्लेक्स बदलला आणि त्यावरचं सरांचं तोंड गेलं. जूनमध्ये ते शिकवत त्या क्लासवाल्यांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सरांनी ते घरात सांगितलं नाही. त्यांच्या पत्नी राजश्रीबाई शाळेत शिकवायच्या, लेक उर्वी बारावीला होती. सर रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे.

हे बिल्डिंगला मागाहून कळलं. विठाबाईला आधी दिसलं होतं. क्लास चालत जाण्याच्या अंतरावर होता, तरी सर आठवड्यातून दोनदा गाडी न्यायला लागले. सकाळी ताठ जायचे, संध्याकाळी वाकलेले परत यायचे. नांदेड, उदगीर, कुठकुठल्या क्लासांच्या पायऱ्या झिजवत होते. माणूस खचतोय हे तिला समजत होतं, आणि ती आत वळत होती.

श्रावणात एका सकाळी सर आले ते चपला घालून आले. क्लासला जाताना ते नेहमी बूट घालत. हातात पिशवी नव्हती. त्यांनी शर्टाच्या खिशातून फळ्यावर लिहायचे दोन पेन काढले आणि तिच्या खिडकीत ठेवले. "उर्वीला द्या, मावशी. अजून शाई आहे." मग वाकून तिच्या पाया पडले. ना सण, ना सूद. 'कुठं' हा शब्द विठाबाईच्या ओठांवर आला. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

सर किल्ली घेऊन दारात थांबले. निघायला एवढा वेळ लागत नाही. ते तिच्याकडे बघत होते. आता आपण विचारलं, तर हा आत येऊन बसेल, आणि मग काय कोसळेल, एवढंच तिच्या मनात आलं. ती आत वळली.

गाडी धरणाजवळ सापडली. रस्ता सोडून, कुणाला अडचण होणार नाही अशी लावलेली. किल्ली पुढच्या चाकावर ठेवलेली. टाकी काठोकाठ भरलेली. सर दुसऱ्या दिवशी सापडले.

अनिमेषनं गाडी परत आणली आणि त्यानंतर कुणी तिला हात लावला नाही. लिंबू बांधून झालं, नारळ फोडून झाला, तरी नाही. ज्याला त्याला स्वतःची गाडी आठवली. दिवाळीच्या आत गल्ली पुन्हा भरली. जिन्यातून जाताना एक बाई विठाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "एक शब्द विचारायला काय झालं होतं हिला?" विठाबाईनं ते ऐकलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तिला राग आला नाही. तिला फक्त अन्न गोड लागेना. पेन तिनं उर्वीच्या हातात दिले, तेव्हा पोरगी रडली नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

किल्ली खिळ्यालाच होती. कुणी मागत नव्हतं.

संक्रांतीनंतर एका दुपारी राजश्रीबाई दारात आल्या. उर्वीला आदल्या दिवशी नांदेडला मामाकडे पोचवून आल्या होत्या. ठेवणीतली साडी होती, पायात चपला होत्या. हातात पर्ससुद्धा नव्हती.

"मावशी, किल्ली."

विठाबाईनं किल्ली काढली, पण मूठ उघडेना. राजश्रीबाई दारात थांबून तिच्याकडे बघत राहिल्या. तीच जागा, तसंच थांबणं. विठाबाईचे पाय आत वळायला लागले होते. तिनं चौकट धरली.

"कुठं निघालीस, माय?"

स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. राजश्रीबाईंच्या कपाळावर आठी पडली. "आज विचारताय?"

"व्हय. इचारते."

"त्यांना नाही विचारलंत."

"न्हाई इचारलं. लई भ्याले." पुढचं तिला सांगता येईना. कोसळायचं ते कोसळू दे, पण या बाईला एकटीला जाऊ द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. "सांग. कुठं?"

राजश्रीबाईंनी मान फिरवली. भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

विठाबाईनं दार ओढून घेतलं, कडी लावली. अनवाणीच गाडीपाशी गेली. एवढी वर्षं किल्ली सांभाळली, पण गाडीत ती कधी बसली नव्हती. दार कसं उघडतं तेही तिला माहीत नव्हतं. ती दाराशी तशीच उभी राहिली.

"सरांच्या शेजारी जागा रिकामी व्हती," ती म्हणाली. "आता मी बसते. तू जाशील तिथं."

मागोमाग येऊन राजश्रीबाईंनी तिच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली, दार उघडून दिलं आणि दुसऱ्या बाजूनं येऊन बसल्या. हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी सुरू केली नाही. त्यांचे खांदे हलायला लागले. सर गेल्यापासून त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. विठाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

ऊन काचेवरून उतरलं तेव्हा राजश्रीबाईंनी तोंड पुसलं.

"पट्टा लावा, मावशी," त्या म्हणाल्या. "नांदेडला जाऊ. उर्वीला घेऊन येऊ."