नाकावरची पांढरी बुरशी

मी बुरशी बोलतेय. पावावरची नव्हे, ती उबेत वाढते. मला गारठा लागतो, अंधार लागतो आणि गाढ झोपलेलं अंग लागतं.

माझा जन्म दूरदेशीच्या एका गुहेत झाला. तिथे आमचं मोठं खटलं होतं. दिसायला सगळ्या सारख्याच पांढऱ्या, पण आतून प्रत्येकीची घडण निराळी. हिवाळ्यात वटवाघळं छताला टांगून झोपायची आणि आम्ही त्यांच्या नाकांवर, पंखांवर पसरायचो. ऊन तापलं की ती उठायची, आम्हाला चाटूनपुसून उडून जायची. कुणी कुणाच्या जिवावर उठत नव्हतं.

मग गुहा बघत हिंडणाऱ्या कुणाच्या तरी बुटाच्या चिखलातून माझा एक कण समुद्रापार, इथे आला. एकच. इथे मला ना बहीण, ना जोडीदार. मी माझ्याच नकला काढत गेले. या गुहेत मी, डोंगरापलीकडच्या गुहेत मी. जिकडे बघाल तिकडे मीच.

इथली वटवाघळं मला ओळखत नव्हती. पंख चुरचुरले की झोपेतून दचकून उठायची. उठलं की भूक लागणारच. बाहेर बर्फ, किडा औषधालाही नाही. तरी ती भर दुपारी उडायची. गुहेच्या तोंडाशी त्यांचा सडा पडायचा.

त्या सड्यातून एका संशोधक बाईने मला कापसाच्या बोळ्यावर टिपून प्रयोगशाळेत नेलं. गुहागुहांतून मला गोळा करून, काचेच्या बशांत वाढवून तिने माझी जनुकं वाचली. एकदा तिचा धाकटा भाऊ तिथे आला. त्याला गुहांचं भारी वेड. पूर्वी तो माझ्या माहेरी जाऊन आला होता आणि आता पुन्हा निघाला होता.

"ताई, एवढ्या बशांमध्ये किती जाती आहेत गं?"

"कसल्या जाती! सगळी एका कणाची पिलावळ आहे."

"मग बरंच की. एकच शत्रू."

"तू निघालायस तिथे हिचे नाना प्रकार आहेत. जोडीदारही आहे. तो इथे आला आणि दोघांचं जुळलं, तर पुढची पिढी कशी निघेल, कुणास ठाऊक! जी थोडी वटवाघळं तग धरून आहेत, तीही जातील."

तो हळूच म्हणाला, "हिला आणणारा मीच असेन का?"

"असशील. दुसराही कुणी असेल. ते काही ही बुरशी सांगत नाही."

मी बशीत निपचित होते. मला त्याच्या बुटांची चाल ओळखू आली होती.

त्याने जाणं रद्द केलं. सोबत्यांना घेऊन इथल्या गुहेच्या तोंडाला आडवे गज बसवले. वटवाघूळ सुटेल, माणूस अडेल असे.

या हिवाळ्यात एका मादीच्या नाकावर मी उगवले. ती दचकून जागी झाली, पंख झटकले. आता ही उडणार, बाहेर पडणार, मरणार, हे मला पाठ होतं. पण ती सरपटत आणखी आत गेली. तिथला गारठा इतका, की मलाही वाढायला जड जातं. तिथे ती पुन्हा टांगली आणि झोपली.

तिचा श्वास फार उशिरा येतो, पण येतो. तिच्या कातडीत मी आहे, मंद, जागी.

गजांना कान लावून उभे आहात ना? तसेच पाय न वाजवता मागे फिरा. हाका मारू नका, बॅटरीचा झोत टाकू नका. तिला झोपू द्या. ती उठली, तर मी आहेच.